दुष्काळी जिल्ह्यातून सागरसंशोधनाची मोहीम

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील बहुतेक मुलांना समुद्र भेटतो तो नकाशातील निळ्या रंगाच्या रूपात. वास्तविक या भूमीचे समुद्राशी नाते जुने आहे. आपले तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून मोसमी वाऱ्यांच्या आधाराने जहाजे पश्चिमेकडे निघत. पुढे धर्मशास्त्रकारांनी समुद्रप्रवासालाच कलिवर्ज्यांत ढकलले. ज्ञानाची एक वाट अशी बंद झाली.

आज सागरविज्ञानाची वाट कायद्याने सर्वांना खुली आहे. परंतु व्यवहारात ती खर्चाची आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे ‘सिंधु साधना’सारखे संशोधन जहाज आहे. त्यावर जागा मोजक्या असतात. वसतिगृहातील ऊसतोड कामगाराच्या मुलाने तेथवर पोहोचण्याची तयारी करावी तरी कशी? याचे एक उत्तर संगणकावरील अभिरूप मोहिमेत आहे.

या मोहिमेत जहाज काल्पनिक असते; आकडे मात्र खरे असतात. जगाच्या महासागरांत ‘आर्गो’ प्रकल्पाची सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगती यंत्रे आहेत. असे यंत्र साधारणतः दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजते आणि ती माहिती उपग्रहाकडे पाठविते. ही माहिती सर्वांना विनामूल्य मिळते. भारतात हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. माहितीचे आलेख काढण्यासाठी जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत तयार झालेली ‘ओशन डेटा व्ह्यू’ ही प्रणाली अध्यापनासाठी मोफत वापरता येते.

विद्यार्थ्यांनी प्रथम प्रश्न ठरवावा: पावसाळ्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग तापतो की थंडावतो? मग मार्ग आखावा. ६५ अंश पूर्व रेखांशावर १० ते २० अंश उत्तर अक्षांश हे अंतर ६०० सागरी मैल. दहा नॉट वेगाने त्यास ६० तास लागतात. वाटेत सहा ठिकाणी थांबून मापकयंत्र हजार मीटर खाली सोडायचे आहे. सेकंदाला एक मीटर या गतीने जाण्यायेण्यास प्रत्येक ठिकाणी सुमारे ३३ मिनिटे, म्हणजे एकूण सव्वातीन तासांहून अधिक. इंधन व दिवस मर्यादित असल्याने कोणते ठिकाण वगळावे, यावर गटात वाद होतो. तो वाद हाच शिक्षणाचा गाभा होय.

अंदाज वहीत लिहून झाल्यावरच खरे आकडे उघडावेत. एप्रिल-मे महिन्यांत तापलेला अरबी समुद्र जून ते ऑगस्टमध्ये थंडावलेला दिसतो. जोरदार वारे पाणी घुसळतात, बाष्पीभवन वाढते आणि सोमालिया व ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे गार पाणी वर येते. सूर्य डोक्यावर असताना समुद्र तापलाच पाहिजे, हा अनेकांचा तर्क येथे मोडतो. स्वतःचा तर्क पुराव्यापुढे तपासून पाहण्याची ही सवय प्रत्येक विद्याशाखेत उपयोगी पडते.

अर्थात उसळत्या लाटा, बिघडलेली यंत्रे आणि जहाजावरील जागरणे संगणक शिकवू शकत नाही. तरीही आपल्या शिवारात पडणारा पाऊस ज्या समुद्रावरून येतो, तो वाचण्याचा अधिकार केवळ किनाऱ्यावरच्या मुलांचा नाही. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक द्यावेतच. त्याबरोबर आठवड्यातील एक तासही द्यावा.