कोंबडीची अंडी थांबवायची कशी? एका उलट्या प्रश्नाची गोष्ट

पोल्ट्री सायन्सच्या पुस्तकात कोंबडीनं अंडी देणं थांबवलं की तो तोटा असतो. घरी हौसेनं पाळलेल्या कोंबड्या तपासणाऱ्या पशुवैद्याकडे मात्र तीच गोष्ट बऱ्याचदा उपचाराचं यश असते. पक्षी एकच, आकडाही एकच, पण अर्थ पूर्ण उलटा. संशोधनाची तयारी करताना आपण 'रिसर्च गॅप' शोधत फिरतो. अशा उलट्या जागी तो गॅप बऱ्याचदा सापडतो, म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी २५ तासांचं गणित

कोंबडीचं फक्त डाव्या बाजूचं अंडाशय आणि अंडनलिका पूर्ण वाढते. अंडाशयातून पिवळा बलक सुटला की नलिकेच्या तोंडाशी असलेलं नरसाळं तो झेलतं. तिथे तो साधारण पाव तास थांबतो. पुढच्या भागात, म्हणजे मॅग्नममध्ये, सुमारे ३ तासांत पांढरा बलक चढतो. मग इस्थमसमध्ये तासाभरात पातळ पडदे तयार होतात. त्यानंतर कवचग्रंथीत १८ ते २० तास कवच बनत राहतं. एकूण हिशेब २४ ते २६ तासांचा. अंडं घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटू शकतो.

एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. हे तिच्या शरीरातल्या एकूण कॅल्शियमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जातं, आणि तेही रोजच्या रोज. कवच बरंचसं रात्री बनतं, तेव्हा पोटात खाद्य नसतं. मग हाडांच्या आतल्या एका खास साठ्यातून कॅल्शियम काढलं जातं. म्हणूनच लेअरच्या खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के ठेवतात. घरी पाळलेली कोंबडी नुसत्या तांदळावर, पोळीच्या तुकड्यांवर असेल तर हा हिशेब कधीच जुळत नाही.

आता मूळ पूर्वज बघा. लाल रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते, आजची व्यावसायिक संकरित कोंबडी ३०० च्या वर जाते. गावरान कोंबडीकडे एक नैसर्गिक ब्रेक असतो. काही अंडी झाली की ती खुडूक बसते, प्रोलॅक्टिन वाढतं आणि अंडाशय विश्रांती घेतं. आपल्या आजीला जी कोंबडी 'खुडूक झाली' म्हणून नकोशी वाटायची, ती खरं तर स्वतःची दुरुस्ती करत होती. जास्त अंड्यांसाठी निवड करताना लेअर जातींमधून हा गुण जवळजवळ काढून टाकला गेला.

बिघाड कुठे होतो?

ब्रिटनसारख्या देशांत फार्मवरून साधारण दीड वर्षाच्या वयात काढलेल्या कोंबड्या लोक घरी सांभाळायला नेतात. फार्मच्या हिशेबात त्यांचं आयुष्य तिथेच संपलेलं असतं. घरी त्या आणखी काही वर्षं जगतात आणि पुढचे आजार तेव्हा दिसायला लागतात. ढोबळमानानं चार प्रकार लक्षात ठेवा.

१. अंडं अडकणं: कॅल्शियम कमी पडलं की नलिकेचे स्नायू आकुंचन पावत नाहीत. अंडं फार मोठं असेल, कोंबडी लठ्ठ असेल किंवा नलिकेला जुनी इजा असेल तरीही अंडं अडकतं.

२. नलिकेचा दाह: बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणू खालून वर चढतात. आत पनीरासारखा घट्ट, थरांचा गोळा साचतो.

३. बलक पोटात पडणं: नरसाळ्यानं बलक झेलला नाही तर तो पोटाच्या पोकळीत जातो. थोडा, निर्जंतुक बलक शरीर शोषून घेतं. वारंवार पडला किंवा त्यात जिवाणू शिरले तर पोटात पाणी भरतं.

४. अंडाशयाचा कर्करोग: कोंबडीला हा आपोआप होतो आणि वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळेच स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगासाठी कोंबडी हे महत्त्वाचं प्राणी-मॉडेल आहे. १९७१ मध्ये फथल्ला यांनी मांडलं होतं की अंडाशयाचा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा फाटणं आणि भरून येणं हेच कर्करोगाच्या मुळाशी असावं. ही कल्पना तपासायला रोज अंडं घालणाऱ्या पक्ष्याइतका सोयीचा प्राणी दुसरा मिळणं कठीण.

गंमत म्हणजे बाहेरून चारही जवळजवळ सारखेच दिसतात. कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, शेपूट खाली, खाणं बंद, पोट फुगलेलं, मधूनमधून जोर लावणं. म्हणजे लक्षणांवरून निदान ठरत नाही. एक्स-रेमध्ये कवच असलेलं अंडं दिसतं. मऊ कवचाचं अंडं, पाणी आणि गाठी यांच्यासाठी सोनोग्राफी लागते.

टेबलावरचा क्रम

इथे क्रमालाच महत्त्व आहे. पहिली पायरी अंडं काढण्याची नाही, कोंबडीला स्थिर करण्याची. ऊब, द्रव, कॅल्शियम, वेदनाशामक. पोटात पाणी असेल तर तिला उताणं करायचं नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे वायुकोशांवर दाब आला की ती तिथल्या तिथे दगावू शकते.

त्यानंतर गरज पडली तर ऑक्सिटोसिनसारखं संप्रेरक. पक्ष्यांमध्ये अंडं बाहेर ढकलण्याचं काम मुळात व्हॅसोटोसिन करतं. ऑक्सिटोसिन हे सस्तन प्राण्यांचं संप्रेरक, इथे उसनं वापरलेलं. कॅल्शियम न भरता ते दिलं तर स्नायू साथ देत नाहीत. वाट बंद असताना किंवा अंडं नलिकेला चिकटलेलं असताना दिलं तर नलिका फाटू शकते. त्यामुळे एक्स-रे आधी, इंजेक्शन नंतर. एवढ्यानं भागलं नाही तर भूल देऊन, सुईनं अंड्यातला द्रव ओढून, कवच दाबून हलकेच बाहेर काढतात. हा प्रकार घरी करायचा नाही. फुटलेल्या कवचाच्या कडा नलिका चिरतात.

पण उद्याच्या अंड्याचं काय?

आजचं अंडं निघालं तरी २५ तासांनी पुढचं तयार. म्हणून खरा प्रश्न येतो तो अंडी थांबवण्याचा. तीन वाटा आहेत.

पहिली वाट प्रकाशाची. कोंबडीच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपणारा प्रकाशही त्यांना पुरतो, डोळ्यांची गरज लागत नाही. दिवस मोठा झाला की अंडी सुरू होतात. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम ८ तासांचा, त्यामुळे दिवे लावले नाहीत तर हिवाळ्यात आपोआप विश्रांती मिळते. पुण्यात मात्र वर्षभर दिवस साधारण ११ ते १३ तासांमध्येच फिरतो. म्हणजे 'हिवाळ्यात दिवे बंद ठेवा' हा ब्रिटिश सल्ला इथे तेवढा जोर धरत नाही. परदेशी पेपरचा निष्कर्ष उचलताना आधी अक्षांश बघा, असं मी म्हणते ते यासाठीच.

दुसरी वाट इम्प्लांटची. डेस्लोरेलिन हे जीएनआरएच या संप्रेरकासारखं वागणारं औषध. सुरुवातीला ते पिट्युटरी ग्रंथीला चेतवतं. सतत चेतवल्यामुळे ग्रंथी मग प्रतिसाद देणंच बंद करते आणि अंडाशय शांत होतं. कोंबड्यांवरच्या एका प्रयोगात ४.७ मिलिग्रॅमच्या इम्प्लांटनं सरासरी सुमारे ६ महिने आणि ९.४ मिलिग्रॅमच्या इम्प्लांटनं सुमारे १० महिने अंडी थांबली. हेच औषध जपानी लाव्ह्यांना दिलं तेव्हा दहापैकी सहाच पक्ष्यांमध्ये परिणाम दिसला. तेव्हा 'पक्ष्यांमध्ये चालतं' असं वाक्य थिसिसमध्ये लिहू नका. कुठल्या जातीत, किती डोसला, किती पक्ष्यांत, ते लिहा.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची, म्हणजे अंडनलिका काढून टाकणं. अंडाशय मात्र मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असल्यामुळे सहसा तसंच ठेवतात. मग पुढे सुटलेला बलक जाणार कुठे? थेट पोटात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याचदा इम्प्लांटची जोड द्यावी लागते.

पाळीव की खाद्य-प्राणी?

इथे कायदा मध्ये येतो. अमेरिकेत कोंबडी सोफ्यावर झोपत असली तरी ती खाद्य-प्राणीच. डेस्लोरेलिनच्या इम्प्लांटला तिथे फक्त फेरेट या प्राण्यासाठी मुभा आहे, कोंबडीला ते देता येत नाही. कोंबड्यांसाठीची एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी तिथे २००५ मध्येच काढून घेतली गेली. आपल्याकडेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली.

ही कडकपणाची हौस नाही. बलक शेवटच्या दहाएक दिवसांत झपाट्यानं वाढतो. आज दिलेलं औषध त्या दिवशी वाढणाऱ्या सगळ्या बलकांत थोडंथोडं उतरू शकतं आणि आठवड्यानंतरच्या अंड्यातही सापडू शकतं. त्यामुळे उपचार घेतलेल्या कोंबडीची अंडी कधीपासून खायची, हे पशुवैद्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. शेजाऱ्यांना वाटायची तर मुळीच नाहीत.

तुमच्या प्रपोजलसाठी तीन गोष्टी

एक, छेद विचारा. 'रेफरल हॉस्पिटलमध्ये आलेल्या कोंबड्यांपैकी इतक्यांना दाह' हे वाक्य सगळ्या पाळीव कोंबड्यांबद्दल काहीच सांगत नाही. तिथपर्यंत पोचलेली कोंबडी आधीच निवडलेली असते: मालकाकडे पैसे, जवळ दवाखाना, आणि तोवर ती जिवंत.

दोन, मोजमाप तपासा. अंडी मोजणं सोपं, म्हणून पेपरमध्ये अंडीच मोजलेली असतात. पण अंडी थांबली म्हणजे दाह गेला असं नाही, गाठ विरघळली असंही नाही. तुमचा प्रश्न कोंबडीच्या आरामाचा असेल तर चालणं, खाणं, वजन, श्वास हे मोजायला हवं.

तीन, साहित्य शोधताना उलटा शब्द वापरा. 'अंडी थांबवणं' शोधलं तर थोडं सापडेल. 'उत्पादन घट', 'पिसं झडणं', 'खुडूकपणा' शोधलं तर पोल्ट्री सायन्सचं अनेक दशकांचं काम समोर येईल. तिथे जो आलेख घसरतो म्हणून शास्त्रज्ञ चिंतेत होते, तो तुमच्या कोंबडीसाठी विश्रांतीचा आलेख असू शकतो. वाचताना फक्त उभ्या अक्षावर काय लिहिलंय आणि ते कुणाच्या सोयीचं आहे, एवढं आधी विचारा.