गाडी चालकाची, दर कंपनीचा

ॲपवरच्या टॅक्सीचालकांनी मुंबईत किंवा पुण्यात संप पुकारला की एक वाक्य हमखास कानावर येते. "अहो, हे काय नोकरदार आहेत का? गाडी यांची, वेळ यांची. वाटेल तेव्हा ॲप चालू करायचं, वाटेल तेव्हा बंद. स्वतःचे मालक आहेत ते. मालकांनी कसल्या सामूहिक वाटाघाटी मागायच्या?" असे बोलणारे लोक चालकांचे वैरी नसतात. बरेचदा ते त्याच टॅक्सीने ऑफिसला जातात, चालकाची आपुलकीने चौकशीही करतात. म्हणूनच हा गैरसमज जास्त टोचतो. तो इतका खोल रुजला आहे की कित्येक चालकही कायद्यात आपल्याला जागाच नाही असे धरून चालतात.

आधी मालकीचे पाहू. गाडी चालकाची असते, निदान कर्जाचे हप्ते तरी त्याच्याच खात्यातून जातात. इंधन, विमा, परमिट, टायर, दंड हे सगळे त्याच्या अंगावर. पण धंद्याचा मालक आपल्या मालाचा भाव स्वतः ठरवतो आणि जोडलेले गिऱ्हाईक स्वतःकडे राखतो. ॲपवरच्या चालकाला यातले काय करता येते? भाडे ॲप ठरवते. कोणती ट्रिप कोणाला द्यायची हेही ॲपच ठरवते. ट्रिपा नाकारल्या, रेटिंग घसरले, की आयडी ब्लॉक होते. का झाली हे विचारायला समोर माणूस सापडत नाही. खर्च आणि जोखीम मालकासारखी, निर्णयाचा अधिकार मात्र शून्य.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच वाद झाला. आपण फक्त मध्यस्थ आहोत आणि चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असे उबरचे म्हणणे होते. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. भाडे कोण ठरवते, कराराच्या अटी कोण लिहिते, ट्रिप नाकारली तर काय होते, रेटिंग कशासाठी वापरले जाते, प्रवासी आणि चालक यांची थेट गाठ पडू नये अशी व्यवस्था कोणी केली, हे एकेक तपासून न्यायालयाने चालकांना कामगार ठरवले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, उबरने तिथल्या जीएमबी या कामगार संघटनेला मान्यता दिली.

ते ब्रिटनचे झाले, आपल्याकडचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडचाही दाखला आहे. ओला आणि उबर यांच्या माध्यमातून सगळे चालक मिळून एकच दर आकारतात, हे साटेलोटेच आहे, अशी तक्रार एका वकिलाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. आयोगाने २०१८ मध्ये ती फेटाळली आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याविरुद्धचे अपील मान्य केले नाही. फेटाळण्याचे कारण लक्षात घ्या: चालकांनी आपसांत दर ठरवल्याचे कुठेच दिसत नाही, प्रत्येक ट्रिपचे भाडे ॲपची गणिती प्रणाली काढते आणि चालक ते स्वीकारतात. चालक आपला दर स्वतः ठरवत नाही, ही गोष्ट या देशात अधिकृत कागदावर नोंदलेली आहे. तरीही त्याला मालक म्हणायचे असेल, तर हे वाक्य उच्चारण्याआधी कोणी क्षणभर विचार करते की नाही असा प्रश्न मला पडतो.

बरे, घटकाभर धरून चालू की चालक स्वतःचा मालक आहे. म्हणून त्याला संघटना करता येत नाही? महाराष्ट्रात बसून हे म्हणावे याचे मला खरेच नवल वाटते. पुण्याच्या रिक्षाचालकांना ठराविक पगार देणारा धनी कोणीच नव्हता, तरी बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली त्यांची रिक्षा पंचायत उभी राहिली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या युनियनचे नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस यांनी केले. आजही मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सीचे भाडे वाढते ते या संघटनांनी मागणी लावून धरल्यावर, परिवहन प्राधिकरणाच्या आदेशाने. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ रुपये झाले, ते याच वाटेने. माथाडींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या व्यापाऱ्याची; एक असा मालक नाहीच. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणले आणि १९६९ मध्ये राज्याने खास कायदा केला. त्या कायद्यातल्या मंडळांवर कामगार, व्यापारी आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी बसतात. 'मालक कोण' हा प्रश्न सुटेपर्यंत कोणी थांबले नाही.

गुजरातमध्ये १९७२ साली इला भट्ट यांनी स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या 'सेवा' या संघटनेची नोंदणी करायला अर्ज केला, तेव्हा कामगार खात्याने हाच आक्षेप घेतला होता: या बायकांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? भट्ट यांची भूमिका अशी होती की कामगार एकत्र यावेत म्हणून संघटना असते, तिला विरोधक असलाच पाहिजे असे नाही. नोंदणी झाली. या गोष्टीला पन्नास वर्षे उलटून गेली आणि आपण अजून त्याच आक्षेपापाशी अडून बसलो आहोत.

कायद्याचा मजकूरही आडवा येत नाही. ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ज्याचा आग्रह धरला तो कामगार संघटना कायदा १९२६ मध्ये आला आणि सात जणांना मिळून नोंदणीचा अर्ज करण्याची वाट खुली झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे; सात जणांची अट तशीच आहे. ॲपवरच्या चालकांच्या संघटना आज देशभर आहेत. त्यांच्यातल्याच एका महासंघाने चालकांना असंघटित कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिकाही दाखल केली.

मग अडते कुठे? इथे थोडे थांबायला हवे, कारण चालकांच्या बाजूने बोलणारेही या ठिकाणी घोटाळा करतात. संघटना करण्याचा हक्क आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे. दुसरा त्यातून आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. समोरच्याने टेबलाशी येऊन बसलेच पाहिजे, असे बंधन हवे असेल तर ते साध्या कायद्याने घालावे लागते. औद्योगिक संबंध संहितेने ते घातले आहे, पण कोणासाठी? आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेला आहे ती एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्केवाल्या संघटनांची वाटाघाटी परिषद होते. ॲपवरच्या चालकाचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. त्यामुळे तो संघटना काढू शकतो, निवेदन देऊ शकतो, आझाद मैदानावर बसू शकतो. कंपनीने त्याच्याशी बोललेच पाहिजे असे मात्र कुठलाही कायदा म्हणत नाही. खरी उणीव ही आहे, आणि ती भरून काढायला चालकाला आधी 'नोकर' ठरवावे लागते असेही नाही.

याचा पुरावा अमेरिकेत आहे. तिथला १९३५ चा कामगार संबंध कायदा स्वतंत्र कंत्राटदारांना लागू होत नाही; १९४७ च्या दुरुस्तीने ते स्पष्टच केले. म्हणून सिअ‍ॅटल शहराने २०१५ मध्ये स्वतःचा नियम करून चालकांना वाटाघाटीचा हक्क दिला. कंपन्यांच्या बाजूने व्यापारी संघटना न्यायालयात गेली. स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर ठरवणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे आणि शहराचा नियम त्यापासून संरक्षण देऊ शकत नाही, असे अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. एवढेच वाचून "बघा, न्यायालयानेच नाकारलं" असे सांगणारे पुढचे पान उलटत नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याने सिअॅटलची चूक टाळली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथल्या मतदारांनी सुमारे ५४ टक्के मतांनी एक कायदा मंजूर केला. त्यात चालकांना नोकर ठरवलेले नाही. सक्रिय चालकांपैकी २५ टक्क्यांचा पाठिंबा मिळवणारी संघटना कंपन्यांशी वाटाघाटी करेल आणि झालेला करार राज्य सरकार तपासून मंजूर करेल, अशी रचना आहे. राज्याची थेट देखरेख असल्यामुळे मक्तेदारीच्या आक्षेपालाही त्यात उत्तर आहे.

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असाच कायदा केला. हे तेच राज्य, जिथे २०२० च्या सार्वमतात चालकांना स्वतंत्र कंत्राटदारच ठेवायचे ठरले होते आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आठ लाखांहून अधिक चालक कागदावर आजही कंत्राटदार आहेत आणि तरी त्यांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. कंपन्यांनीही या कायद्याला संमती दिली. बदल्यात त्यांना विम्याच्या अटींमध्ये सवलत मिळाली. वाटाघाटीचा हक्क दिला तर कंपन्या गाशा गुंडाळतील, ही भीती घालणाऱ्यांनी हा व्यवहार जरूर वाचावा.

स्पर्धा कायद्याची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. मुंबईतल्या चित्रपट कामगार संघटनांनी निर्मात्यांवर घातलेल्या, फक्त सदस्यांनाच काम द्या अशा प्रकारच्या अटी स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये स्पर्धाविरोधी ठरवल्या होत्या. म्हणजे आपल्याकडेही स्वतंत्र व्यावसायिकांचा करार कोणी आयोगापुढे नेऊ शकतो. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारितांच्या सामूहिक करारांना स्पर्धा कायद्यातून मोकळीक दिली. तसे एक कलम आपल्या कायद्यात लिहिता येते.

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांना सगळे दिले, असे म्हणतात. तिने व्याख्या दिली आणि कंपन्यांच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानातून निधी उभारायची तरतूद केली. विमा मिळणे चांगलेच आहे, पण दर, कपात आणि आयडी ब्लॉक यांवर बोलण्याचा हक्क त्या संहितेत नाही. राजस्थानचा २०२३ चा आणि कर्नाटकचा २०२५ चा हे कायदेही मुख्यतः कल्याणकारी आहेत.

आता कमिशनच उरले नाही, रोजची ठराविक फी भरली की झाले. ती फी कोण ठरवते, आणि उद्या ती वाढवली तर चालकाने कोणाशी बोलायचे?

प्रवाशांचे भाडे भरमसाट वाढेल. वाढू शकत नाही. ट्रिपचे भाडे ॲप काढत असले तरी नियमाने मूळ भाडे राज्य सरकार ठरवते आणि केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्दीच्या वेळीही ते दुपटीच्या वर नेता येत नाही. उलट प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे: पुण्यात प्राधिकरणाने जानेवारी २०२४ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरमागे २५ रुपये ठरवले, आणि ते लागू होत नाहीत म्हणून चालकांना फेब्रुवारीत संप करावा लागला.

वाटाघाटी म्हणजे रोजचे संप. पुण्याचे वरचे उदाहरण पुन्हा वाचा. बोलायला कोणी नव्हते म्हणून तो संप झाला.

पटत नसेल तर ॲप सोडा. गाडीचा हप्ता ॲप सोडल्यावर थांबत नाही, आणि दुसऱ्या ॲपवरही दर ॲपच ठरवते.

शेवटचा आक्षेप अधिकाऱ्यांच्या तोंडी जास्त असतो: चालक विखुरलेले, आज या ॲपवर तर उद्या त्या, मग कोणाचा पाठिंबा किती हे मोजायचे कसे? मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात यासाठी पहिली पायरी आहे. ५ टक्के सक्रिय चालकांच्या सह्या आणणाऱ्या संघटनेला उरलेल्या चालकांशी संपर्क साधण्यासाठी त्यांची यादी मिळते. सक्रिय कोण, याची व्याख्याही मागच्या सहा महिन्यांतल्या ट्रिपांवरून केली आहे. आपल्याकडे कंपन्यांनी आपल्या कामगारांची नोंद ई-श्रम पोर्टलवर करावी असे केंद्र सरकारने आधीच सांगितले आहे, आणि कोणी किती ट्रिपा केल्या हा हिशेब प्रत्येक कंपनीकडे मिनिटागणिक असतो. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. तेव्हा ही नोंद संघटनांच्या पाठिंब्याची पडताळणी करायला वापरता येईल आणि ठराविक पाठिंबा असलेल्या संघटनेशी कंपनीने बोललेच पाहिजे, एवढी तरतूद महाराष्ट्र विधिमंडळाला करता येईल.