घामात सुटणारी भिंत

बदलापूरहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये हात वर करून कडी धरायची आणि तासभर तसंच उभं राहायचं. काख भिजते, सदरा घासतो. बहुतेकांचं घामोळ्यावर भागतं. क्वचित कुणाच्या काखेत, जांघेत, मानेवर मात्र लाल, ओलसर चट्टा उठतो. नीट पाहिलं तर त्यात एकमेकींशेजारी बारीक चिरा दिसतात. उल्हासनगरात दिवसभर जीन्स शिवत बसणाऱ्याला तर बसणंही नकोसं व्हावं. "गजकर्ण असेल," म्हणून दुकानातून ट्यूब येते. तिच्यात स्टेरॉइड असलं तर आठवडाभर बरंही वाटतं, आणि खरं दुखणं आणखी लपतं.

हा हेली-हेली आजार. १९३९ साली अमेरिकेतल्या दोघा हेली बंधूंनी त्याची नोंद केली. खरवडून तपासलं तर अनेकदा बुरशी सापडत नाही. मग मसुराएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तिथे पेशी एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात, तरी थर पुरता ढासळलेला नसतो. डॉक्टर त्याला मोडकळीला आलेली विटांची भिंत म्हणतात. दुसरा तुकडा प्रतिपिंडांसाठी तपासतात: पेम्फिगस नावाच्या दुसऱ्या त्वचारोगात पेशींभोवती जाळी चमकते, इथे काहीच चमकत नाही.

भिंत सुटते कशाने? प्रत्येक पेशीत, तिच्या आतल्या एका कप्प्यात कॅल्शियम ओढणारा एक इवला पंप असतो. पेशींचे सांधे धडपणे जुळायला तो लागतो. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक इथे बिघडलेली असते. हे २००० साली कळलं. मला थक्क करतं ते पुढचंच. बिघाड जन्मापासून अंगभर असतो, तरी पाठ, तळहात, चेहरा उरलेल्या एका प्रतीवर वर्षानुवर्षं निभावून नेतात. तिशीच्या आसपास कधीतरी, जिथे ऊब, घाम आणि घर्षण एकत्र येतात तिथेच ती अपुरी पडते.

म्हणून डॉक्टरांनी "घरात आणखी कुणाला?" असं विचारलं, तर आठवून सांगावं, कारण रुग्णाच्या प्रत्येक मुलात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण स्पर्शाने तो पसरत नाही. घरच्यांनी त्या माणसाचं अंथरूण वेगळं करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

मुळावर इलाज अजून नाही. सैल सुती कपडे, डॉक्टरांच्या देखरेखीत मोजके दिवस स्टेरॉइड, जंतू शिरले तर प्रतिजैविकं. काही रुग्णांत सुरकुत्यांसाठी वापरतात तेच बोटॉक्स काखेत टोचतात. काही महिने तिथला घाम थांबतो. पंप अर्धाच असतो, जनुक तसंच असतं, तरी चिरा भरून येतात.