पॅक्स-६ची ओळखपरेड
गर्भात डोळा घडवण्याचे हुकूम सोडणारे एक प्रथिन आहे : पॅक्स-६. पेशीच्या केंद्रकात ते डीएनएला चिकटून इतर जनुकांना कामाला लावते. त्याच्या जनुकात बिघाड झाला, तर बाळाच्या डोळ्यात परितारिका, म्हणजे रंगीत पडदा, नीट तयार होत नाही.

हे प्रथिन पेशीत शोधायचे कसे? प्रतिपिंडाने. ते पॅक्स-६ला धरते आणि त्याला जोडलेला चमकणारा रंग सूक्ष्मदर्शकाखाली जागा दाखवतो. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही धरू शकते. म्हणून पॅक्स-६ नसलेल्या पेशींवरही ते तपासतात. तिथेही चमक दिसली, तर निष्कर्ष बाद. ओळखपरेडीत निरपराध्याकडे बोट दाखवणाऱ्या साक्षीदारावर कोण विसंबेल?