जहाजाचा तळ आणि प्रवाशाची माहिती

कोलकात्याच्या दमदम विमानतळावर 2023 पासून ‘डिजियात्रा’ आहे. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की दार उघडतं. प्रवाशाची अशी माहिती सांभाळायची कोणी, हे ठरवताना सागरी विम्याचा इतिहास उपयोगी पडतो. सफरीच्या विम्यात, निघताना जहाज समुद्रात जायला लायक आहे, ही मालकाची हमी गृहीतच असते. भारताच्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही. तळ कुजका निघाला तर ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. तरीही विम्याच्या भरवशावर जुनाट जहाजं खच्चून भरणारे मालक होते, आणि जीव खलाशांचे जात. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोलच्या लढ्यामुळे 1876 मध्ये ब्रिटनने भाररेषा, म्हणजे जहाज किती भरायचं याची खूण, सक्तीची केली. ती कुठे आखायची, हे मात्र 1890 पर्यंत मालकच ठरवत!

2021 मध्ये एअर इंडियाने सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं सांगितलं. ती फुटली होती सेवा पुरवणाऱ्या ‘सिटा’ कंपनीच्या यंत्रणेतून. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात, काम बाहेर दिलं तरी जहाजमालकासारखी जबाबदारी मूळ कंपनीचीच, आणि सुरक्षेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड. तो सरकारी तिजोरीत जाईल. खलाशांसारखं नुकसान सोसणाऱ्याला, म्हणजे ज्याचा पासपोर्ट क्रमांक फुटला त्याला, भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते.