एकाच कंपनीचे फोन निवडताना

वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन फोनची तुलना त्यामानाने सोपी असते, कारण त्यांचे वेगळेपण वरवर पाहूनही लक्षात येते. एकाच कंपनीचे फोन मात्र दिसायला सारखे असतात, त्यांतील मेनूही सारखेच असतात, आणि किमतीत दुप्पट-तिप्पट तफावत असली तरी ती नेमकी कशामुळे, हे दुकानात फोन हातात घेऊन पाहिल्याने कळत नाही. सॅमसंग या दक्षिण कोरियन कंपनीची ‘गॅलेक्सी’ मालिका हे याचे ठळक उदाहरण होय.

या मालिकेतील नावांचा उलगडा झाला की निम्मे काम सोपे होते. २०१० साली सुरू झालेली ‘एस’ ही महाग फोनची श्रेणी असून ‘ए’ श्रेणीत स्वस्त आणि मध्यम किमतीचे फोन येतात. ‘एम’ श्रेणी २०१९ मध्ये भारतात प्रामुख्याने ऑनलाइन विक्रीसाठी आली, तर २०२० पासून ‘एफ’ श्रेणी फ्लिपकार्टवरील विक्रीसाठी निघाली. ‘ए’ श्रेणीत पहिला आकडा फोनचा दर्जा आणि दुसरा त्याची पिढी सांगतो. म्हणजे ए५४ हा २०२३ चा आणि ए५५ हा २०२४ चा, पण दोन्ही एकाच दर्जाचे. आकडा मोठा तेवढा फोन नवा, असे मानणाऱ्या ग्राहकाची त्यामुळे फसगत होते, कारण ए५४ पेक्षा ए३५ हा फोन नवा आहे.

अक्षर बदलले म्हणजे फोन बदललाच, असेही नाही. २०२३ मधील एम१४ आणि एफ१४ या दोन्ही ५जी फोनमध्ये ६.६ इंची पडदा, एक्सिनॉस १३३० हा प्रोसेसर आणि ६००० एमएएचची बॅटरी होती. अशा जोड्यांमध्ये त्या दिवशी जो स्वस्त मिळेल तो घ्यावा, एवढाच निकष पुरेसा ठरतो.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे तंत्र या सर्व फोनमध्ये एकच असते: काचेखालील पारदर्शक विद्युत्‌-जाळीच्या क्षेत्रात बोटामुळे होणारा बदल टिपून फोन स्पर्शाची जागा ओळखतो. खरा फरक असतो तो चित्र उमटवणाऱ्या पटलात. एलसीडी पटलाला मागून प्रकाश द्यावा लागतो, तर अमोलेड पटलातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि काळा रंग दाखवताना विझतो, त्यामुळे काळा रंग अधिक गडद दिसतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते, ते हर्ट्झमध्ये सांगितले जाते. एम१४ चा एलसीडी पडदा ९० हर्ट्झचा, तर ए३५ चा अमोलेड पडदा १२० हर्ट्झचा आहे.

ए३५ आणि ए५५ शेजारी ठेवून पाहिले तर जादा पैसे कोठे जातात, ते स्पष्ट होते. दोहोंचा पडदा ६.६ इंची आणि १२० हर्ट्झचा, बॅटरी ५००० एमएएचची, आणि गोड्या पाण्यात मीटरभर खोल अर्धा तास तग धरण्याची, म्हणजेच आयपी६७ दर्जाची, क्षमताही सारखीच. ए५५ मध्ये अधिक वेगवान प्रोसेसर, ॲल्युमिनियमची चौकट आणि समोरचा ३२ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो, तर ए३५ मध्ये तो १३ मेगापिक्सेलचा आहे. सेल्फी आणि जड गेम यांच्याशी ज्याला फारसे कर्तव्य नाही, त्याने वाढीव रक्कम मोजण्याचे कारण नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. भारतात सुरुवातीला विकल्या गेलेल्या एस२४ मध्ये सॅमसंगचाच एक्सिनॉस २४०० आहे, तर अमेरिकेतील त्याच फोनमध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन आहे. साहजिकच अमेरिकी समीक्षकाने केलेली वेगाची आणि बॅटरीची चाचणी इथल्या फोनला जशीच्या तशी लागू होत नाही. ‘एस’ म्हणजे सर्व बाबतींत सरस, हेही खरे नाही; २०२१ च्या एस२१ पासून या श्रेणीत मेमरी कार्डाची सोय उरलेली नाही, ए५५ मध्ये मात्र ती आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहणारा निकष आहे तो अपडेटचा. फोनमधील सुरक्षेच्या त्रुटी बुजवणाऱ्या सुधारणा कंपनी ठरावीक वर्षेच पुरवते, आणि ही वर्षे ग्राहकाने फोन घेतल्यापासून नव्हे, तर फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात. एस२३ साठी हे आश्वासन ५ वर्षांचे होते, एस२४ साठी ते ७ वर्षांचे आहे. म्हणजे पहिला २०२८ च्या सुमारास आणि दुसरा २०३१ च्या सुमारास या सुरक्षाकवचाबाहेर जाईल. सवलतीत मिळणारा जुना फोन खरोखर स्वस्त आहे का, हे त्याची किंमत उरलेल्या वर्षांनी भागल्यावरच समजते.

म्हणून आधी अपडेटची उरलेली वर्षे, मग प्रोसेसर आणि साठवण, त्यानंतर पडदा, आणि जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेले कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सर्वांत शेवटी, हाच क्रम ग्राहकाच्या हिताचा आहे. खोक्यात चार्जर आहे की तो वेगळा घ्यावा लागेल, हेही पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.