सायकलपटूचे बल आणि दमसास

भाईंदर पूर्वेचा जेसल पार्क हा वसईच्या खाडीकाठचा सखल भाग होय. तेथे सराव करणाऱ्या सायकलपटूस चढ क्वचितच लाभतो. मुंबई-पुणे शर्यतीत मात्र दीर्घ सपाटीनंतर खोपोलीस बोरघाट समोर उभा राहतो आणि तो प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. थकल्या पायांस तेथे लागणारे बल नुसत्या सपाटीवरील सरावाने पुरेसे येत नाही. ते वजनांच्या व्यायामाने मिळवू गेल्यास दमसास उणावेल काय, अशी शंका घेतली जाते.

या शंकेचे मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगात शोधले जाते. त्यात एका गटाने दहा आठवडे दोन्ही व्यायाम एकत्र केले. सात आठवड्यांनंतर त्याची बलवृद्धी थांबली व अखेरीस बल घटू लागले. परंतु प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता केवळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांइतकीच वाढली होती. म्हणजे बाधा बलास झाली, दमसासास नव्हे. आणि तीही आठवड्यातून पाच-सहा दिवस दोन्ही व्यायाम केल्यावर. हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

१९८८ साली हिक्सन यांनीच आधीपासून सराव असलेल्या खेळाडूंस वजनांचा व्यायाम दिला. ठराविक श्रमाने सायकल चालविण्याचा त्यांचा काळ ७१ मिनिटांवरून ८५ मिनिटांवर गेला. प्राणवायूची कमाल क्षमता मात्र होती तेवढीच राहिली. पुढे २०११ साली नॉर्वेतील रॉनस्टाड व सहकारी यांनी मुरलेल्या सायकलपटूंची १८५ मिनिटे सायकल चालविल्यानंतरची पाच मिनिटांची सर्वशक्तीची चाचणी घेतली. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा वजने उचललेल्यांची कामगिरी सुमारे ७ टक्क्यांनी सुधारली होती. बोरघाटाच्या परिस्थितीशी या चाचणीचे साम्य उघड आहे. स्नायू सबळ झाला की प्रत्येक पावलीस त्याच्या सामर्थ्याचा लहानसा अंश पुरतो. त्यामुळे लवकर थकणारे तंतू उशिरा कामास लागतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

शरीराचे वजन वाढेल, हे भयही फारसे खरे नाही. दमसासाचा सरावच स्नायूंची वाढ आवरून धरतो. मल्लास जी बाधा खटकेल, ती चढ चढणाऱ्यास उपकारकच!

तालमीतील शेकडो बैठका मात्र येथे अभिप्रेत नाहीत. तो एका परीने दमसासाचाच व्यायाम होय. चार ते दहा वेळाच करता येतील अशा, खांद्यावर भारी वजन घेऊन काढलेल्या बैठका हव्यात. त्या आठवड्यातून दोनदा, आणि शर्यतींच्या हंगामात एकदा काढल्या तरी पुरतात. सकाळी खाडीकाठी वेगाचा सराव झाला असल्यास वजने सायंकाळी उचलावीत.